चार चमचे धणे आणि माझा क्लोज्ड-बॅक हेडफोन

हेडफोन ऐकून बघायला जाताना मी गाणं नेत नाही, सासूबाईंचा आवाज नेते. फोनमध्ये त्यांची अडीच मिनिटांची एक फाइल आहे. ओट्याशी उभ्या राहून त्या थालीपिठाच्या भाजणीचं प्रमाण सांगतायत. बाजरी किती, ज्वारी किती, डाळी कुठवर भाजायच्या, धणे सगळ्यात शेवटी का. मधे एकदा उलथनं कढईला लागतं, एकदा त्या हसतात, खिडकीत कबुतर घुमतं. चांगल्या मायक्रोफोनवर घेतलेलं रेकॉर्डिंग आहे आणि त्यावर मी काहीही केलेलं नाही. हा आवाज मी एकोणीस वर्षं रोज ऐकतेय. त्यांना सर्दी होणार असेल तर सकाळच्या पहिल्या "अगं" वरून मला कळतं. त्यामुळे एखादा हेडफोन आवाजात स्वतःच्या पदरचं काही घालत असेल, तर दुसऱ्या वाक्यापर्यंत ते उघडं पडतं.

मी मराठी ऑडिओबुकांचं संपादन करते. डोंबिवलीत, ठाकुर्लीच्या बाजूला, रुळांपासून दोन गल्ल्या आत आमचं घर आहे. आतली छोटी खोली मी कामासाठी घेतली आहे. दिवसाचे पाच-सहा तास कानावर हेडफोन असतो. ओठांचा चट्ट, जिभेचा टकटक आवाज, वाक्याआधी घेतलेला मोठा श्वास, पान उलटल्याची सळसळ, हे सगळं शोधून काढायचं आणि तरीही वाचणारं माणूस जिवंत वाटलं पाहिजे, असं हे काम. आवाजाची पातळी, शांततेतला खरखराट, सगळ्याला मापं असतात. अनेक ठिकाणी खरखराट उणे ६० डेसिबलच्या खाली लागतो आणि सर्वांत मोठा आवाज उणे ३ च्या वर गेलेला चालत नाही. ही मापं सॉफ्टवेअर दाखवतं. पण आवाज खरा वाटतोय की नाही हे कानालाच ठरवावं लागतं, आणि कानापाशी तो पोचतो हेडफोनमधून.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक वेगळा हेडफोन होता. कंपनीचं नाव सांगत नाही. गाणी ऐकायला तो छान होता, ढोल-ताशा ऐकताना छातीत धडधड व्हायची. त्याच हेडफोनवर मी एका ज्येष्ठ नटाने वाचलेली अकरा तासांची कादंबरी संपादित केली. त्यांचा आवाज खर्जातला, भरदार. मला तो सारखा घुमटातून आल्यासारखा वाटत होता, म्हणून प्रकरणामागून प्रकरण मी खालचे स्वर कापत गेले. पुस्तक तपासणीला गेलं आणि परत आलं. मग त्या नटाचाच, मी त्यांना काका म्हणते, फोन आला. रागावले नव्हते. हळू आवाजात एवढंच म्हणाले, "माझा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा का येतोय गं?" घुमत होता तो हेडफोन. काकांचा आवाज मुळात स्वच्छ होता आणि मी त्यातलं मांस काढून हाडं ठेवली होती. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो आणि माझी कात्री नेमकी तिथेच चालली होती. चार दिवस, चार रात्री बसून अकरा तास पुन्हा केले. त्या माणसाने ऐंशीव्या वर्षी घसा सांभाळून, कोमट पाणी पीत पीत वाचलेलं ते पुस्तक मी बिघडवलं होतं, याचं मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

न्यूट्रल आवाजाचा, म्हणजे आवाजात स्वतःचं काही न घालणारा, हेडफोन शोधायला मी त्यानंतर निघाले.

न्यूट्रल म्हणजे काय, यावर दुकानात फार गोंधळ असतो. पुष्कळांना वाटतं की ज्याचा खालच्या ते वरच्या स्वरांचा आलेख सरळ रेषेत तो न्यूट्रल. हेडफोनच्या बाबतीत तसं नसतं. समोरून येणारा आवाज आपल्या कानाच्या पाळीला, पन्हाळीला लागून आत जातो आणि कानाच्या नळीत साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास बराच मोठा होतो. मेंदूला त्याची जन्मापासून सवय असते. हेडफोन कानाला चिकटून बसतो, त्यामुळे त्याने तो उंचवटा स्वतःच दिला तर आवाज नैसर्गिक वाटतो. हर्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षं संशोधन केलं. चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा आवाज देणारा हेडफोन बहुतेक ऐकणाऱ्यांना आवडतो, असं त्यातून दिसलं. त्यावरून काढलेली रेषा आज बऱ्याच जणांची मोजपट्टी आहे.

माझी मोजपट्टी मात्र मराठी आहे. "चार चमचे धणे" हे तीन शब्द घ्या. "चार" मधला च टाळूला जीभ लावून येतो, चहातला असतो तसा. "चमचे" मधला पहिला च दातांपाशी, चुलीतला, आणि दुसरा पुन्हा टाळूचा. "एक चमचा" म्हटलं की दोन्ही दातांचे. आपण हे लिहून दाखवत नाही, पण कुणी चुकीचा च उच्चारला तर लगेच कानाला खटकतं. "जग" चंही तसंच. या जगातला ज वेगळा आणि नीट जग म्हणतानाचा वेगळा. या दोन उच्चारांतला फरक वरच्या पट्टीतल्या बारीक घर्षणात असतो. हेडफोनने तिथला आवाज दाबला तर दोन्ही च एकमेकांच्या जवळ येतात, सगळं मऊ आणि बोथट होतं. उगाच वाढवला तर दातांचा च टोचायला लागतो, आणि "सासूबाई" सारख्या शब्दात स ची शिट्टी ऐकू येते. मग संपादन करणारं माणूस ती शिट्टी कापत बसतं आणि ऐकणाऱ्याला वाचक बोबडा वाटतो. खालच्या बाजूला फ आणि भ बघायचे. "फोडणी", "भाजणी". या अक्षरांबरोबर जो हवेचा झोत मायक्रोफोनवर आदळतो त्याचा धप्प आवाज खूप खाली, १५० हर्ट्झच्याही खाली असतो. फुगवलेल्या बासमध्ये प्रत्येक भ धप्प वाटतो. बास कमी असेल तर खरा धप्पसुद्धा निसटून जातो आणि तो नंतर ऐकणाऱ्याच्या गाडीतल्या स्पीकरवर सापडतो.

आता क्लोज्ड-बॅकच, म्हणजे कपांची पाठ बंद असलेलाच, का? पाठ उघडी असलेल्या हेडफोनमध्ये आवाज मोकळा वाटतो, हे खरं आहे. पण अभिवाचक माझ्याच खोलीत बसून चुकलेली वाक्यं पुन्हा वाचतात. सूर जुळावा म्हणून आधीचं वाक्य त्यांना कानात ऐकवावं लागतं. उघड्या हेडफोनमधून ते वाक्य बाहेर पडतं, समोरच्या मायक्रोफोनमध्ये शिरतं आणि नव्या वाक्याखाली जुन्याचं भूत ऐकू येतं. शिवाय आमच्या खिडकीबाहेर मध्य रेल्वे आहे. घरात कुकर आहे, मुलाची दहावी आहे.

नॉइज कॅन्सलिंगवाला, म्हणजे बाहेरचा गोंगाट स्वतःच पुसून टाकणारा घ्या, असं मला तीन जणांनी सुचवलं. प्रवासाला तो उत्तम, माझ्या नवऱ्याकडे आहे आणि लोकलमध्ये त्याला त्याचा फार उपयोग होतो. पण त्यात आवाजावर सतत प्रक्रिया चालू असते, आणि ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो. पडद्यावर ओठांचा चट्ट आवाज इथे दिसतोय आणि कानाला तो क्षणभराने ऐकू येतोय, असं झालं की हात चुकतो. मला वायर हवी होती.

तर एका शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवर गेले. डॉ. भाडकमकर मार्ग हे त्याचं नाव पाटीवर आहे, पण इलेक्ट्रॉनिक्सवाले सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. स्टुडिओचं सामान ठेवणाऱ्या एका दुकानात आधी फोन करून ठेवला होता. दुपारी बारा ते तीन गर्दी कमी असते, तेव्हा या, असं त्यांनीच सांगितलं होतं. काउंटरवरच्या मुलाने आधी सवयीने एक जोरदार गाणं लावलं. म्हणाला, "ताई, बास बघा ना काय आहे." मी त्याला सासूबाईंची फाइल ऐकवली. मग तोही गंमत न करता नीट लक्ष देऊन बसला. माझा छोटा यूएसबी इंटरफेस, म्हणजे हेडफोनपर्यंत आवाज पोचवणारं यंत्र, मी घरून नेला होता. सगळे हेडफोन एकाच यंत्रावर आणि शक्य तितक्या सारख्या आवाजावर ऐकायचे, हे फार महत्त्वाचं. जरासा मोठा वाजणारा हेडफोन कानाला नेहमीच चांगला वाटतो, भले तो चांगला नसेल.

पहिला लावला सोनी एमडीआर-७५०६. हा १९९१ सालापासून बाजारात आहे आणि आजही दूरदर्शनच्या स्टुडिओपासून लग्नाच्या व्हिडिओपर्यंत कुठेही दिसतो. निळी पट्टी असलेला, वेटोळ्यांच्या वायरीचा तो. वजनाला हलका, घडी होणारा. सासूबाई लगेच समोर आल्या. त्यांच्या दाताखाली जिभेचा जो बारीक आवाज होतो तो मी पहिल्यांदा इतका स्पष्ट ऐकला. रेकॉर्डिंग करताना दोष पकडायला हा हेडफोन लोक का वापरतात ते तिथेच समजलं. पण याची वरची पट्टी उजळ आहे. "सासूबाई" मधले स अणकुचीदार झाले, दातांचा च टोचला. दोन तासांचं रेकॉर्डिंग असतं तर मी हाच घेतला असता. सहा तास रोज म्हटल्यावर मन होईना.

मग बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ८० ओहमचा. ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप. जर्मनीत हाइलब्रोनला बनतो. हातात घेतल्यावरच लक्षात येतं की ही वस्तू टिकायला बनवली आहे. डोक्यावरची पट्टी स्प्रिंगच्या पोलादाची, कान धरणारे चिमटेही धातूचे, आणि राखाडी मखमली गाद्या इतक्या मऊ की चष्म्याची काडी त्यात अलगद बुडून गेली. सुटे भागही मिळतात. दणकटपणाला मार्क द्यायचे तर त्या टेबलावर हा पहिला. आवाज मात्र दोन टोकांना उचललेला आहे, खाली बास आणि वर झळाळी. सासूबाई मोठ्या हॉलमध्ये उभ्या आहेत असं वाटलं. गाणं ऐकायला ते सुंदर आहे. पण काकांच्या पुस्तकाचा अनुभव गाठीशी असल्यामुळे बासवर मी आता लवकर विश्वास ठेवत नाही. याच मॉडेलचा २५० ओहमचाही येतो. तो नुसत्या मोबाइलला लावला तर आवाज फार लहान येतो, त्याला ताकदीचा इंटरफेस किंवा अॅम्प्लिफायर लागतो. घेताना ओहमचा आकडा बघूनच घ्या.

तिसरा सेनहायझर एचडी २८० प्रो. बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत अडवतो असं कंपनी सांगते, आणि तो घातल्यावर दुकानाबाहेरचे हॉर्न खरंच दूर गेले. त्याचं कारणही साधं आहे, त्याची पकड घट्ट आहे. जितकी पकड, तितकं सील, म्हणजे गादी कानाभोवती हवाबंद बसणं. एक गोष्ट मात्र इथे सांगायला हवी. बंद कप आणि गाद्या हे वरचे आवाज चांगले अडवतात. खालची घरघर फारशी अडत नाही. म्हणजे लोकलचा भोंगा जातो, पण रुळांची धडधड थोडी राहते. एचडी २८० चा आवाज मला आवडला. सरळ, कोरडा, बोलण्याला न्याय देणारा. सासूबाई जवळ उभ्या होत्या, खोली जरा लहान झाली होती इतकंच. माझ्या चष्म्याच्या काड्या दहा मिनिटांत कानामागे रुतायला लागल्या, हा माझ्या डोक्याचा आणि त्या पकडीचा मामला. चष्मा नसलेल्या माणसाने, विशेषतः गोंगाटात रेकॉर्डिंग करणाऱ्याने, हा जरूर घालून बघावा.

चौथा एकेजीचा के३७१. हा २०१९ मध्ये आला आणि वर सांगितलेल्या हर्मनच्या रेषेला धरून बनवलेला आहे. घरून निघतानाच मी मनात हा पक्का केला होता. लंबगोल मोठे कप, कान पूर्ण आत मावतो, पकड हलकी. चष्मा काढून ऐकला तेव्हा मी थांबलेच. सासूबाई बाजूला उभ्या होत्या. हसल्या तेव्हा मी नकळत वळून पाहिलं. दोन्ही च आपापल्या जागी, भ ला वजन, धप्प नाही. मग चष्मा लावला, कारण काम मी चष्मा लावूनच करते, आणि सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या. आवाज पातळ झाला.

त्या टेबलावर मला जे समजलं ते याआधी कुणी सांगितलं नव्हतं. बंद हेडफोनमधला बास हा गादी आणि गाल यांच्यामधल्या सीलवर उभा असतो. चष्म्याची काडी, जाड वेणी, मोठं कानातलं, यातल्या कशानेही बारीक फट पडली की खालचे स्वर त्यातून निघून जातात. पकड हलकी असेल तर ती फट गादी भरून काढू शकत नाही. म्हणजे आलेखावर अगदी न्यूट्रल असलेला हेडफोन माझ्या डोक्यावर न्यूट्रल राहतोच असं नाही. एक सोपी परीक्षा आहे. हेडफोन लावून आवाज चालू ठेवा आणि दोन्ही कप तळहातांनी हलकेच आत दाबा. बास एकदम वाढला तर तुमचं सील बसलेलं नाही. फार फरक पडला नाही, तर जे ऐकताय ते त्या हेडफोनचं खरं रूप. के३७१ वर माझ्या बाबतीत फरक खूप पडला. मला तो ठेवून देताना जड गेलं. त्याच्या कपाला धरणारा सांधाही माझ्या रोजच्या काढ-घालीला जरा नाजूक वाटला, पण तो प्रश्न नंतरचा. घरी शांत खोली असेल, चष्मा नसेल आणि वस्तू जपून वापरायची सवय असेल, तर त्या टेबलावरचा सगळ्यात खरा आवाज त्याचा होता.

घेतला तो पाचवा. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स. याचा मोठा भाऊ एम५०एक्स जास्त प्रसिद्ध आहे. दुकानातल्या मुलाने तोच आधी पुढे केला होता. एम५०एक्सचा बास आणि वरची चमक जरा जास्त, गाण्याला रंगत आणणारी. एम४०एक्स अधिक सरळ बोलतो. ४० मिलीमीटरचे ड्रायव्हर, म्हणजे आतले छोटे स्पीकर, ३५ ओहम, म्हणजे लॅपटॉपवरही पुरेसा वाजतो. वायर सोडून वजन २४० ग्रॅम. चष्म्यासकट घातला, कप दाबून पाहिले, बास जेमतेम हलला. सासूबाई ओट्याशीच होत्या. आवाजात किंचित ऊब जास्त होती, हसताना छातीतला स्वर एखादा कण भरलेला. पण चार चमचे धणे नीट मोजून मिळाले. मी फाइल चार वेळा ऐकली, मुलाला वीस मिनिटं बसवून ठेवलं आणि पैसे दिले. हे सगळे हेडफोन साधारण आठ ते पंधरा हजारांच्या पट्ट्यात होते. एम४०एक्स त्यातला खालच्या बाजूचा.

आवाजाइतकंच वजन मी वायरीला दिलं. हेडफोन कुठे मरतो ते आधी बघावं. माझ्या अनुभवात आधी वायर जाते, मग गाद्या, मग सांधा. आधीच्या हेडफोनची वायर कपाला जोडलेली होती. खुर्चीचं चाक तिच्यावरून दोनदा गेलं आणि डावा कान बंद झाला. दुरुस्तीला दिला तर कप फोडून जोडावी लागेल म्हणाले. जोडल्यावर तो पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. एम४०एक्सची वायर निघते. कपात घालून थोडी पिळली की कुलूप बसतं, त्यामुळे ओढ बसली तरी पटकन निसटत नाही. पेटीत दोन येतात, एक सरळ ३ मीटरची आणि एक वेटोळ्यांची, १.२ मीटरपासून ताणून ३ मीटरपर्यंत जाणारी. सरळ वायर मी अभिवाचकांना देते, ती टेबलाखालून माइकच्या स्टँडपर्यंत पोचते. माझ्यासाठी वेटोळ्यांची. ती मांडीवर राहते, चाकाखाली जात नाही. उद्या एखादी गेली तर फक्त वायर बदलायची, आख्खा हेडफोन नाही.

आता चौदा महिने झालेत. कप ९० अंशांत बाहेर वळतात. रेकॉर्डिंग चालू असताना मी एक कान उघडा ठेवते, म्हणजे समोरच्या माणसाचा खरा आवाज आणि माइकमधला आवाज दोन्ही ऐकू येतात. दिवसातून पंधरा-वीस वेळा हे वळवणं होतं. सांधा अजून ढिला झालेला नाही, करकरतही नाही. डोक्यावरची पट्टी प्लॅस्टिकची असली तरी आत धातू आहे. लहान-मोठा करायच्या खाचा टक्क टक्क बसतात. काकांचं डोकं मोठं, सासूबाईंचं लहान, दोघांच्या खाचा मला पाठ झाल्यात.

गाद्यांबद्दल मात्र मोकळेपणाने सांगते. त्या कृत्रिम चामड्याच्या आहेत आणि फार खोल नाहीत. मोठा कान असेल तर आतल्या कापडाला टेकेल. मे महिन्यात डोंबिवलीत घाम किती येतो हे सांगायला नको. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद असतो, तासाभरात कानाभोवती ओलं होतं. कुठल्याही कंपनीचं कृत्रिम चामडं आपल्या किनारपट्टीच्या दमटपणात काही काळाने सोलायला लागतं, हे गृहीत धरूनच घ्यावं. मी एक प्रयोग केला. सासूबाईंच्या जुन्या सुती साडीच्या काठाजवळचं मऊ कापड घेऊन गाद्यांना इलास्टिकची खोळ शिवली. घाम टिपला गेला, कानाला बरंही वाटलं. पण फाइल लावली तर भाजणीतला भ हलका झालेला. कापडातून हवा जाते, सील सुटतं. खोळी काढून टाकल्या. आता दर पाऊण तासाने हेडफोन काढते, कोरड्या पंचाने गाद्या पुसते, पाच मिनिटं गॅलरीत उभी राहते. कानालाही ते हवंच असतं.

बाराव्या महिन्यात गाद्या बदलल्या. सुट्या मिळतात. बसवताना मात्र धीर लागतो. गादीच्या मागे एक पातळ पाळ असते, ती कपाच्या कडेवरून ताणून खाचेत घालायची. एका बाजूने बसवावी तर दुसऱ्या बाजूने निघते. मी अर्धा तास झगडत होते. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "दे इकडे. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसं कर." डाव्या अंगठ्याने एक टोक धरून ठेवलं, उजव्या हाताने कड थोडी थोडी पुढे ताणत नेली, मागचा अंगठा सोडलाच नाही. दोन मिनिटांत दोन्ही गाद्या बसल्या. नव्या गाद्यांवर पहिले दोन-तीन दिवस आवाज जरा वेगळा वाटतो, कारण आतला फोम अजून दबलेला नसतो. त्या दिवसांत मी फक्त काटछाट केली, इक्यूला, म्हणजे खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करण्याला, हात लावला नाही.

जी किंचित ऊब मी दुकानात ऐकली होती ती अर्थातच अजून आहे. फक्त आता ती कुठे आणि किती, हे मला पाठ आहे. पुरुषाचा खर्जातला आवाज जरासा भरलेला वाटला तर मी तिथे कापत नाही. एक प्रकरण झालं की फोनच्या स्पीकरवर आणि नवऱ्याच्या गाडीत ऐकते. पूर्वी गाडीत ऐकल्यावर परत येऊन दहा ठिकाणी दुरुस्त्या कराव्या लागायच्या. आता एखादी. ज्याचा कल माहीत आहे आणि जो रोज तोच राहतो, असा हेडफोन मला कामाला पुरतो.

आणखी एक गोष्ट हा हेडफोन आल्यावर माझ्या ध्यानात आली. सील नीट असल्यामुळे आवाज मी पूर्वीपेक्षा बराच खाली ठेवते. मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेलं आहे. माझे आठवड्याचे तीस-पस्तीस तास सहज होतात, म्हणजे मी त्या काठावरच आहे. पूर्वी लोकल गेली की मी आवाज वाढवायचे आणि गाडी गेल्यावर तो खाली आणायचं राहून जायचं. हे काम करणाऱ्या मुलामुलींना मी हे आवर्जून सांगते, कारण कान गेला तर त्याचा सुटा भाग मिळत नाही.

मागच्या महिन्यात काका नवीन पुस्तकासाठी आले. यावेळी कथासंग्रह, सहा तासांचा. पहिली कथा संपादित करून मी त्यांना खोलीत बसवलं, सरळ वायर लावली, पट्टी त्यांच्या खाचेवर आणली आणि ऐकवली. ते डोळे मिटून ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी बोट वर केलं, मी थांबवलं. म्हणाले, "इथे 'जग' चा ज मी चुकीचा घेतलाय. जगण्यातला हवा होता, जगातला आलाय." मी त्या जागेवरून तीन वेळा गेले होते आणि मला ते कळलं नव्हतं. आम्ही वाक्य पुन्हा घेतलं. आधीचं वाक्य त्यांच्या कानात वाजत होतं, माइकमध्ये त्याचा मागमूस नव्हता. बाहेरून फास्ट गाडी गेली, तेवढा वेळ थांबलो, आणि दुसऱ्या प्रयत्नात ज बरोबर आला.